चार्ल्स मोल्टन नावाचा कुणी नव्हता

पुस्तक हातात आले की मुखपृष्ठ सगळेच पाहतात. मी वाचायला सुरुवात करते ती आतल्या त्या पानापासून, जिथे बारीक टायपात प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मांडणी आणि आवृत्तीची तारीख दिलेली असते. तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केल्यामुळे जडलेली ही खोड आहे. पुस्तकाला कुणाकुणाचे हात लागले आहेत हे कळल्याशिवाय मजकुराशी माझे सूत जुळत नाही, आणि ज्याचा हात लागला त्याचे नाव त्या पानावर नाही असे लक्षात आले की भाताच्या घासात खडा लागावा तसे होते.

गेल्या दिवाळीत अमेरिकेतून आलेल्या भाचीने माझ्यापुढे एक जाडजूड पुस्तक ठेवले. ‘वंडर वुमन’ या कॉमिक्समालिकेतील १९४०च्या दशकातल्या गोष्टींचे ते पुनर्मुद्रण होते. आमच्या लहानपणी कॉमिक्स म्हणजे इंद्रजाल आणि इंद्रजाल म्हणजे वेताळ, एवढेच आमचे विश्व. त्यात स्त्रिया असत, पण पुष्कळदा त्या कुणीतरी येऊन सोडवण्याची वाट पाहत असत. इथे मात्र पानोपानी एक बाईच इतरांना सोडवत होती. सवयीप्रमाणे मी लेखकाचे नाव शोधले. ते प्रत्येक गोष्टीच्या आरंभी ठळकपणे होते: चार्ल्स मोल्टन. हे गृहस्थ कोण, असे मी विचारले तेव्हा भाची हसली आणि म्हणाली, “मावशी, असा माणूसच नव्हता. पण त्या नावामागे जो घोळ आहे, तो तुझ्याच कामाचा आहे.”

तिचे म्हणणे खरे निघाले. मी त्या घोळात पुढचे चार-पाच महिने अडकून पडले.

‘चार्ल्स मोल्टन’ हे दोन पुरुषांच्या मधल्या नावांना सांधून केलेले नाव होते. त्यातला ‘चार्ल्स’ आला प्रकाशक मॅक्स गेन्स याच्या मधल्या नावातून. गेन्सची ‘ऑल-अमेरिकन पब्लिकेशन्स’ ही संस्था, सुपरमॅन-बॅटमॅनच्या ज्या प्रकाशकांना आपण आज डीसी म्हणून ओळखतो त्यांची भावंड-संस्था होती. ‘मोल्टन’ आला विल्यम मोल्टन मार्स्टन याच्या मधल्या नावातून. मार्स्टन हा हार्वर्डमध्ये शिकलेला, वकिलीची पदवी आणि मानसशास्त्रातील डॉक्टरेट अशा दोन्ही गोष्टी गाठीशी असलेला मनुष्य होता. रक्तदाबातील चढउतारांवरून माणूस खोटे बोलतो आहे का हे ओळखण्याची चाचणी त्याने तयार केली होती, आणि १९२३ साली फ्राय नावाच्या आरोपीच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ती पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला होता. वंडर वुमनच्या सोनेरी फासात सापडलेला माणूस खरे बोलतो, याचा संबंध लोक हमखास त्या यंत्राशी जोडतात. पण जुन्या गोष्टी बारकाईने वाचल्या तर तो फास मुळात आज्ञापालनाचा आहे. बांधलेल्या माणसाला जे सांगाल ते त्याला करावे लागते, आणि खरे बोलणे हा त्यातला केवळ एक हुकूम असतो. मार्स्टनच्या डोक्यात काय चालले होते हे त्या भेदावरून जास्त कळते.

टोपणनावांचे आपल्याला नवल नाही. आपली अर्धी कविता टोपणनावाने लिहिली गेली आहे. आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण या प्रश्नावरून महाराष्ट्रात केवढी धूळ उडाली होती, हे आपल्याकडे अजून सांगितले जाते. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी निदान एका बाईचेच नाव पांघरले होते. चार्ल्स मोल्टनचे तसे नाही. या नावाच्या बुरख्याखाली जे चेहरे सापडतात त्यांतले बरेचसे बायकांचे आहेत, आणि बुरखा मात्र दोन पुरुषांच्या कापडाचा शिवलेला आहे.

पहिला चेहरा तर मालिकेच्या जन्माआधीचा आहे. २५ ऑक्टोबर १९४० रोजी ‘फॅमिली सर्कल’ या नियतकालिकात कॉमिक्सला हसू नका अशा अर्थाच्या मथळ्याची एक मुलाखत छापून आली. ऑलिव्ह रिचर्ड नावाची बातमीदार एका थोर मानसशास्त्रज्ञाच्या घरी जाते आणि मुलांच्या हातातील या भडक पुस्तकांविषयी त्याचे मत विचारते, असा तिचा थाट होता. तो मानसशास्त्रज्ञ म्हणजे मार्स्टन. आणि ही ऑलिव्ह रिचर्ड म्हणजे ऑलिव्ह बर्न, जी त्याच घरात राहत होती, मार्स्टनच्या दोन मुलांची आई होती आणि त्या मुलांना, तुमचे वडील म्हणजे रिचर्ड नावाचे एक गृहस्थ, ते वारले, असे सांगत होती. मार्स्टनची लग्नाची बायको एलिझाबेथ हॉलोवे हीही त्याच घरात होती आणि तिलाही दोन मुले होती. एलिझाबेथ कायद्याची पदवीधर होती आणि नोकरी करून ते सगळे गणगोत पोसण्यात तिचा मोठा वाटा होता. ऑलिव्ह घर आणि चारही मुले सांभाळत होती. ही व्यवस्था ज्याला जशी वाटायची तशी वाटो, मला त्यातली एक गोष्ट खटकत राहिली की त्या घरातील प्रत्येक बाईला बाहेरच्या जगासाठी एक वेगळी ओळख वागवावी लागत होती.

ऑलिव्हची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, आणि त्यापायी तुरुंगात गेलेल्या एथेलने तिथे उपोषण केले होते. हीच सँगर १९३५च्या डिसेंबरात गांधीजींशी याच विषयावर वाद घालायला वर्ध्याला येऊन गेली. वंडर वुमन मनगटातील कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलते, ती कडी ऑलिव्हच्या हातातील रुंद कड्यांवरून घेतलेली आहेत. तेव्हा त्या मालिकेच्या वंशावळीतली एक शाखा आपल्या वर्ध्याच्या आश्रमापर्यंत येऊन टेकते, याचे मला उगीचच बरे वाटले.

मुलाखत वाचून गेन्सने मार्स्टनला सल्लागार म्हणून घेतले, आणि मार्स्टनने त्याला पटवले की पुरुषी मारधाडीवरचा उपाय म्हणजे एक बलवान स्त्री. नायक बाई असावी ही कल्पना एलिझाबेथची, असे सांगितले जाते. फेब्रुवारी १९४१ मध्ये मार्स्टनने पहिली संहिता संपादक शेल्डन मेयर याच्याकडे पाठवली. तीत नायिकेचे नाव ‘सुप्रिमा, द वंडर वुमन’ असे होते. मेयरने पहिला शब्द गाळला. मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहता, एका शब्दाच्या काटछाटीने इतका फायदा झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

चित्रांसाठी हॅरी जी. पीटर हा साठी ओलांडलेला चित्रकार घेतला गेला. तरुण चित्रकारांच्या त्या धंद्यात तो आजोबाच होता. १९१०च्या दशकात ‘जज’ या विनोदी साप्ताहिकात स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने चित्रे छापली जात, तिथे त्याने काम केले होते. त्याच पानांवर ‘लू रॉजर्स’ या सहीने व्यंगचित्रे येत. दोरखंड तोडणाऱ्या स्त्रीचे १९१२ मधले तिचे एक चित्र आजही पाहायला मिळते. हो, ‘तिचे’. लू म्हणजे ॲनी लुकास्टा; बाईची चित्रे संपादक घेत नाहीत म्हणून तिने नावाला कात्री लावली होती. आणि हे जुन्या काळापुरतेच नव्हते. वंडर वुमनच्या काही महिने आधी, एप्रिल १९४१ मध्ये, ‘मिस फ्युरी’ ही काळ्या बिबट्याच्या कातड्याचा पोशाख करणारी नायिका अमेरिकी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांत अवतरली होती. ती रचणारी आणि काढणारी बाईच होती, जून टार्पे मिल्स. पण वाचणाऱ्या पोरांना बाईचे नाव पाहून हिरमोड होऊ नये म्हणून ती ‘जून’ गाळून नुसती ‘टार्पे मिल्स’ अशी सही करत असे. टाइमली या प्रकाशनाने त्या पट्ट्यांचे १९४२ ते १९४६ या काळात आठ अंकही काढले. तिची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

वंडर वुमन पहिल्यांदा छापली गेली ती ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात, नऊ पानांची भरती म्हणून. अंकावर तारीख डिसेंबर १९४१-जानेवारी १९४२ अशी असली तरी तो ऑक्टोबरातच विक्रीला आला होता. म्हणजे पर्ल हार्बरवरचा हल्ला व्हायच्या आत. जानेवारी १९४२ पासून ‘सेन्सेशन कॉमिक्स’ या नव्या मासिकाचे मुखपृष्ठ तिच्याकडे आले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ‘वंडर वुमन’ हे तिच्या स्वतःच्या नावाचे त्रैमासिक सुरू झाले. किंमत १० सेंट. नऊ पानांच्या भरतीपासून स्वतंत्र नियतकालिकापर्यंत जायला तिला एक वर्षही लागले नाही.

विरोधही तितक्याच तत्परतेने आला. कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेल्या, सभ्य साहित्याचा पुरस्कार करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने मार्च १९४२ मध्ये ‘सेन्सेशन’ला आपल्या नापसंतीच्या यादीत घातले, कारण काय, तर नायिकेच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत. गेन्स हा जुना धंदेवाईक होता. त्याने वाचकांनाच विचारायचे ठरवले. सुपरमॅन-बॅटमॅनच्या गोतावळ्यातील वीरांची ‘जस्टिस सोसायटी’ नावाची मंडळी होती. वंडर वुमन बाई असली तरी तिला त्यांत घ्यावे का, अशी प्रश्नावली छापली गेली. सुरुवातीला भरून आलेल्या १,८०१ उत्तरांपैकी १,२६५ मुलगे आणि ३३३ मुली ‘घ्यावे’ म्हणाल्या. १९७ मुलगे आणि ६ मुली ‘नको’ म्हणाल्या. त्या सहा मुलींविषयी मला फार कुतूहल आहे. कौल इतका स्पष्ट असल्यामुळे तिला घेतले गेले आणि १९४२ सालच्याच ‘ऑल स्टार’च्या बाराव्या अंकात तिच्याकडे सोसायटीचे चिटणीसपद आले. या गोष्टी मार्स्टन लिहीत नव्हता, गार्डनर फॉक्स लिहीत होता. त्याचे वीर मोहिमेवर निघत, आणि देवांची ताकद अंगी असलेली ही बाई त्यांना शुभेच्छा देऊन टिपणे काढायला मागे थांबे. ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्या बायकांना या चौकटीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता साखळदंडांकडे यावे लागते. मार्स्टनच्या गोष्टींमध्ये वंडर वुमन सतत बांधली जाते: दोरांनी, साखळ्यांनी, पेटाऱ्यांत, खांबांना. तिने बेड्या तोडून बाहेर यावे यासाठी आधी तिला बेड्या घालाव्या लागतात, हे समर्थन मताधिकाराच्या चळवळीच्या चित्रभाषेला धरून आहे आणि मला ते अर्धे पटते. उरलेले अर्धे पटत नाही, कारण मुक्ततेच्या एका चौकटीसाठी बंधनाच्या दहा चौकटी इतक्या हौसेने रंगवल्या आहेत की ती हौस लपत नाही. प्रेमळ सत्तेपुढे स्वखुशीने नमण्यात सुख आहे आणि पुढेमागे स्त्रियाच जगावर राज्य करणार आहेत, असे मार्स्टनचे तत्त्वज्ञान होते. त्यातला बराचसा भाग त्याच्या खासगी आवडीचाच होता. १९४३ च्या आरंभी बालसाहित्याच्या जाणकार आणि गेन्सच्याच सल्लागार मंडळावरील जोझेट फ्रँक यांनी या प्रकारावर खरमरीत पत्र लिहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गेन्सने मार्स्टनला एक यादी पाठवली: साखळ्या न वापरता बायकांना कोंडून ठेवण्याचे निरनिराळे मार्ग. साखळ्यांचा वापर निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी करता येईल आणि खपालाही धक्का लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

ही यादी तयार करायचे काम कचेरीतल्या सहायक संपादिकेकडे आले होते. तिचे नाव डोरोथी रूबिचेक. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. तीस वर्षांनंतर ती पुन्हा या गोष्टीत येणार आहे, निराळ्या नावाने.

मे १९४४ मध्ये वृत्तपत्रांसाठी वंडर वुमनची रोजची चित्रपट्टीही सुरू व्हायची होती आणि काम मार्स्टनच्या आवाक्याबाहेर गेले. न्यूयॉर्कच्या कॅथरीन गिब्ज स्कूल या चिटणिसीचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत तो मानसशास्त्र शिकवत असे. तिथल्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका त्याला इतकी आवडली की त्याने तिला कामावर बोलावले. जॉय हमेल, वय १९. ती आधी टंकलेखन करी, मग संहितांमध्ये सुधारणा करू लागली आणि मग स्वतंत्र गोष्टी लिहू लागली. ऑगस्ट १९४४ मध्ये मार्स्टनला पोलिओ झाला आणि तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मॅडिसन अव्हेन्यूवरच्या कचेरीचा भार पुष्कळसा तिच्यावर आला. ‘वंडर वुमन’च्या बाराव्या अंकातली, शुक्रावरच्या पंखवाल्या युवतींची गोष्ट तिची आहे. १९४७ पर्यंत तिने ७० हून अधिक संहिता लिहिल्या आणि त्यातल्या एकीवरही तिचे नाव छापले गेले नाही. सगळ्यांवर चार्ल्स मोल्टन. पुढे म्हातारपणी तिने हसत सांगितले होते की मेयर तिच्या संहिता लवकर मंजूर करी, कारण तिच्या गोष्टी मार्स्टनच्या गोष्टींइतक्या चावट नसत.

इथे मला माझे स्वतःचे एक आठवल्याशिवाय राहिले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रतिष्ठित गृहस्थांचे आत्मचरित्र माझ्याकडे ‘जरा शुद्धलेखन बघा’ म्हणून आले होते. हस्तलिखितात प्रसंग होते पण वाक्ये नव्हती, तारखा होत्या पण क्रम नव्हता. आठ महिने बसून मी ते पुन्हा लिहिले. त्यातले बालपणीच्या पावसाचे जे प्रकरण समीक्षकांनी वाखाणले, त्यातला पाऊसही माझाच आहे. पुस्तकाच्या मनोगतात शेवटी ‘ज्ञात-अज्ञात अशा सर्व साहाय्यकांचा मी ऋणी आहे’ असे वाक्य होते. त्यातल्या ‘अज्ञात’ या शब्दाचे प्रूफही मीच तपासले होते, आणि त्यात ‘ज्ञ’ नीट उठत नव्हता म्हणून खूण करून परत पाठवला होता. मानधन वेळेवर मिळाले. तक्रार करावी असे काही नव्हते. जॉय हमेलनेही तक्रार केल्याचे मी कुठे वाचले नाही. त्या वयात आणि त्या जागी काम मिळणे हीच मोठी गोष्ट वाटते, आणि नावाचा विचार मनात येईपर्यंत पुस्तक बांधणीला गेलेले असते.

१९४७ हे वर्ष मालिकेसाठी फार वाईट ठरले. २ मे रोजी मार्स्टन गेला. आपला धंद्यातला वाटा विकून बाहेर पडलेला गेन्स ऑगस्टमध्ये एका बोटीच्या अपघातात गेला. जॉयने लग्न केले आणि नवऱ्याच्या लहान मुलीकडे पाहायला हवे म्हणून काम सोडले. चार्ल्स मोल्टनचे ‘चार्ल्स’ आणि ‘मोल्टन’ हे दोन्ही भाग वारले, त्या नावाने लिहिणारी निघून गेली, आणि तरीही ते नाव गोष्टींच्या माथ्यावर पुढे कित्येक वर्षे छापले जात राहिले. एलिझाबेथ हॉलोवेने मालिकेचे संपादन आपल्याकडे द्यावे असे प्रकाशकांना कळवून पाहिले. वंडर वुमन आतून ओळखणारी तिच्याइतकी दुसरी व्यक्ती उरली नव्हती. ते काम रॉबर्ट कॅनिगर याला मिळाले.

कॅनिगरने पुढे वीस वर्षे मालिका चालवली; ती बंद पडू दिली नाही हे त्याचे श्रेय मान्य करायला हवे. पण १९४९च्या अखेरीस ‘सेन्सेशन’च्या ९४व्या अंकाचे मुखपृष्ठ पाहा. ओढा ओलांडताना स्टीव्ह ट्रेवर या तिच्या प्रियकराने वंडर वुमनला दोन्ही हातांवर उचलून घेतले आहे आणि ती लाजून हसते आहे. जी बाई पाण्याखालून पाणबुडी वर काढत असे, तिला आता घोटाभर पाण्यातून उचलून न्यावे लागत होते. काही महिन्यांत तिला एका वृत्तपत्रात प्रेमभंग झालेल्यांना सल्ला देणाऱ्या सदराची नोकरीही लागली. आधीच्या प्रत्येक अंकात ‘इतिहासातील वंडर वुमन’ असे एक चार पानी सदर असे. विम्बल्डन जिंकलेली टेनिसपटू ॲलिस मार्बल हिचे नाव सहयोगी संपादक म्हणून त्यावर होते, आणि पहिल्या अंकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरुवात करून सुझन अँथनी, सोजर्नर ट्रुथ अशा बायकांची चरित्रे त्यात आली होती. ते सदर आक्रसत गेले आणि त्याच्या जागी देशोदेशीच्या विवाहपद्धतींची माहिती येऊ लागली. कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा हल्ला चढवणारे फ्रेडरिक वर्दम यांचे पुस्तक आणि त्यापाठोपाठची प्रकाशकांची आचारसंहिता ही १९५४ सालची. बऱ्याच लेखांत वंडर वुमनच्या पडझडीचे खापर त्यांच्यावर फोडलेले असते. अंकांच्या तारखा लावून पाहिल्या तर ती पडझड त्याच्या पाच वर्षे आधी सुरू झालेली दिसते.

१९५८ साली ‘वंडर वुमन’च्या ९७व्या अंकानंतर पीटरची चित्रे थांबली, आणि तोही त्याच वर्षी वारला. पुढच्या अंकापासून रॉस अँड्रू आणि माइक एस्पोझिटो आले आणि गोष्ट पहिल्यापासून नव्याने सांगायला घेतली गेली. त्या दशकातील बालिशपणावरून मी भरभर पाने उलटली. फक्त एक चूक सांगण्याजोगी आहे. वंडर वुमनच्या लहानपणीच्या गोष्टी ‘वंडर गर्ल’ या नावाने येत. दुसऱ्या एका मालिकेच्या लेखकाला वाटले की ही कुणी वेगळी मुलगी आहे, आणि १९६५ साली त्याने तिला तरुण वीरांच्या टोळीत घालून टाकले. म्हणजे एकाच बाईचे बालपण तिच्याशेजारी उभे राहून वेगळे आयुष्य जगू लागले. चार वर्षांनी तिला स्वतःची जन्मकथा आणि डोना ट्रॉय हे नाव देऊन हा घोटाळा निस्तरावा लागला, आणि आज डोना ट्रॉयचे चाहते थोडेथोडके नाहीत. नजरचुकीने सुटलेल्या चुकीतून अखंड माणूस जन्माला आल्याचे आमच्या व्यवसायातले हे अपवादात्मक उदाहरण म्हणायला हवे.

१९६८ च्या अखेरीस खप घसरला म्हणून डेनी ओनील आणि माइक सेकॉव्स्की यांनी तिची शक्ती, फास, पोशाख सगळे काढून घेतले आणि तिला कपड्यांचे दुकान चालवणारी, कराटे जाणणारी, पांढऱ्या पोशाखातील आधुनिक तरुणी केले. आपण स्त्रीमुक्तीच्या काळाला साजेसे काही करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. वंडर वुमनवर वाढलेल्या मुली आता चळवळीत होत्या आणि त्यांना ते मुळीच तसे वाटले नाही. ग्लोरिया स्टायनम आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुलै १९७२ मध्ये ‘मिझ’ या मासिकाचा पहिला नियमित अंक काढला तेव्हा मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली वंडर वुमन होती, आणि वर ‘वंडर वुमन राष्ट्राध्यक्ष व्हावी’ अशी घोषणा. ती घोषणाही मार्स्टनच्याच १९४३ सालच्या सातव्या अंकाच्या मुखपृष्ठावरची. त्याच सुमारास विज्ञानकथाकार सॅम्युअल डिलेनीने श्रमिक बायकांच्या प्रश्नांवर सहा भागांची कथा योजली होती. ‘स्त्रीमुक्ती विशेषांक’ अशी पट्टी लावून २०३वा अंक निघाला खरा, पण पोशाख आणि शक्ती परत आणायचे ठरल्यामुळे ती कथा तिथेच खुंटली.

या धामधुमीत, थोड्या काळासाठी, मालिकेला पहिल्यांदाच एक स्त्री संपादक मिळाली होती. तिचे नाव डोरोथी वूलफोक. हीच ती रूबिचेक. साखळ्यांना पर्याय शोधायची यादी जिच्याकडे आली होती ती. मधल्या काळात लग्नाने तिचे आडनाव बदलले होते. ती फार दिवस टिकली नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९७३ च्या २०४व्या अंकात वंडर वुमनला शक्ती परत मिळाल्या, आणि लेखक-संपादक म्हणून पुन्हा आला तो रॉबर्ट कॅनिगर. त्या अंकाच्या सुरुवातीलाच एक माथेफिरू इमारतीच्या गच्चीवरून गोळीबार करतो. त्यात बळी पडणाऱ्यांत स्त्रियांच्या मासिकाची एक संपादिका आहे. तिचे नाव डॉटी कॉटनमन.

डॉटी हे डोरोथीचे लाडके रूप. वूल म्हणजे लोकर, कॉटन म्हणजे कापूस. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून उठून पाणी प्यायले. कचेरीतल्या कुरबुरी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, कुणाचे नाव गाळणे पाहिले आहे, मुद्दाम चुकीचे छापणेही पाहिले आहे. पण आपल्या आधीच्या संपादिकेला तिच्याच मालिकेच्या पानांत, वाचकांना कळणार नाही आणि तिला नक्की कळेल अशा नावाने, गोळी घालून ठेवणे हा प्रकार मला नवा होता. स्त्रियांच्या चळवळीने जिंकलेला अंक म्हणून तो अंक आजही मिरवला जातो.

पहिली मालिका फेब्रुवारी १९८६ मध्ये ३२९व्या अंकाला संपली. शेवटच्या अंकात तिचे स्टीव्ह ट्रेवरशी लग्न लावून दिले होते. चव्वेचाळीस वर्षे टाळलेली गोष्ट गल्ला बंद करता करता उरकली गेली. त्याआधी १९८३च्या ३००व्या अंकावर डॅन थॉमस हिचे नाव सहलेखिका म्हणून आले होते, पुढे मिंडी न्यूएलने काही अंक लिहिले, आणि १९८६च्या एका चार भागांच्या छोट्या मालिकेत ट्रिना रॉबिन्स वंडर वुमनची कॉमिक्स रेखाटणारी पहिली स्त्री ठरली. याद्यांमध्ये डॅन थॉमसपुढे ‘पहिली लेखिका’ असे लिहिलेले असते. छापील नावांचाच हिशेब धरायचा तर ते बरोबरच आहे.

२०१८ साली सॅन डिएगोच्या कॉमिक्स संमेलनात बिल फिंगर पुरस्कार दोघींना जाहीर झाला: डोरोथी वूलफोकला मरणोत्तर, आणि ९४ वर्षांच्या जॉयला हयातीत. हा पुरस्कार उपेक्षित कॉमिक्स-लेखकांसाठी आहे, आणि ज्याच्या नावाने तो दिला जातो तो बिल फिंगर बॅटमॅनच्या जनकांपैकी एक असूनही २०१५ पर्यंत बॅटमॅनवर अधिकृतपणे त्याचे नाव नव्हते. जॉयने जपून ठेवलेल्या टंकलिखित संहिता आता स्मिथसोनियन ग्रंथालयात आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये, ९७ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

भाची परत जायला निघाली तेव्हा पुस्तक सध्या माझ्याकडेच राहू दे म्हणाली. चार महिन्यांनी ते तिला पाठवायची वेळ आली, तेव्हा पेन्सिलीने आत दुरुस्त्या कराव्यात असे माझ्या मनात आले. पण छायाप्रतीत मूळची चूक दुरुस्त करायची नसते, हा आमच्यातला जुना नियम आहे. म्हणून मी एक शुद्धिपत्र केले: चार रकाने आखले, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध, आणि ती चिठ्ठी शेवटच्या पानाशी ठेवून दिली. ‘अशुद्ध’च्या रकान्यात सगळीकडे एकच नाव आहे. ‘शुद्ध’च्या रकान्यात जिथे खात्रीने लिहिता आले तिथे मी ‘जॉय हमेल’ असे लिहिले आहे. उरलेल्या ओळींपुढे तो कोरा आहे.